‘स्क्यू’: वाकडं खरं, पण कशापासून आणि कुणीकडे?

‘आपला प्रेक्षक यंग स्क्यू आहे’ असं जाहिरातवाल्यांच्या मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, तर अर्थ सरळ असतो: बघणाऱ्यांत तरुण जास्त आहेत. त्याच प्रेक्षकांच्या वयाचा आलेख संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे ठेवला, तर तो म्हणेल, हा उजवीकडे स्क्यू आहे, म्हणजे वयस्कांच्या बाजूला. आलेख एकच, शब्द एकच आणि दिशा बरोबर उलट. गंमत म्हणजे दोघांपैकी कुणीही चुकत नाही.

इंग्रजीत असमतोलासाठी शब्दांची कमी नाही. पण ‘स्क्यू’ हा त्यातला एकच असा आहे की जो रोजच्या बोलण्यातून थेट पुलांच्या नकाशात, गणितात, बातम्यांत आणि संगणकाच्या सर्व्हरमध्ये जाऊन बसला, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला मोजमाप चिकटलं. अडचण इथेच होते. वाकडेपणा मोजायचा तर आधी सरळ काय ते ठरवावं लागतं, आणि मग कोणती बाजू ‘अधिक’ धरायची तेही. प्रत्येक धंद्याने हे आपापल्या सोयीने ठरवून टाकलंय आणि बाहेरच्या माणसाला ते सांगायची तसदी सहसा कुणी घेत नाही.

शब्दाचं मूळ आधी उरकून घेऊ. जुन्या फ्रेंचमध्ये ‘टाळणे, बिचकून बाजूला होणे’ या अर्थाचं एक क्रियापद होतं, तेही मूळचं जर्मानिक भाषांतून आलेलं. उत्तर फ्रान्सच्या बोलीतलं त्याचं रूप इंग्लंडात गेलं आणि मध्ययुगाच्या अखेरीस ‘स्क्यू’ झालं. फ्रेंचच्या दुसऱ्या रूपातून ‘एस्च्यू’ आला, म्हणजे वर्ज्य करणे. लाजाळू माणसासाठीचा ‘शाय’ हाही त्याच जर्मानिक मुळाचा. म्हणजे ‘स्क्यू’चा पहिला अर्थ आकाराचा नव्हताच, हालचालीचा होता: समोरची वाट सोडून बाजूला वळणे. पुढे तिरप्या नजरेने बघणे आणि १६००च्या सुमारास ‘तिरपा’ हे विशेषण, असा प्रवास झाला. ‘अस्क्यू’ आणि बोलीतला ‘स्क्यू-व्हिफ’ ही त्याचीच पिलावळ. कबाब ज्याला टोचतात तो ‘स्क्यूअर’ मात्र या घराण्यातला नाही. तो ‘स्किव्हर’ या वेगळ्याच जुन्या शब्दावरून आला. आणि गोदामातली माणसं ‘किती स्क्यू आहेत?’ विचारतात तेव्हा ते ‘स्टॉक कीपिंग युनिट’ची आद्याक्षरं एकत्र उच्चारत असतात. त्यांचा वाकडेपणाशी काही संबंध नाही.

शब्दाला पहिल्यांदा नीट मोजमाप मिळालं ते पुलांवर. रस्ता नदीला किंवा रुळांना काटकोनात ओलांडत असेल तर पूल सरळ, तिरपा ओलांडत असेल तर स्क्यू. बैलगाडीच्या रस्त्याला वळसा देऊन पूल काटकोनात बसवता येत असे. कालव्याला आणि रेल्वेला असं वळण परवडत नाही, त्यामुळे अठराव्या शतकाच्या अखेरीस तिरप्या कमानी बांधणं भाग पडलं. आयर्लंडमध्ये किल्डेअर कालव्यावर विल्यम चॅपमनने १७८७ मध्ये नासजवळ अशी कमान बांधली. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेवरचा, अभियंता जॉर्ज स्टीफनसनचा रेनहिलचा पूल १८२८ चा. तो रुळांना ३४ अंशांत ओलांडतो.

दगडी कमान तिरपी करणं इतकं अवघड का? कमानीतला दाब दगडांच्या थरांना काटकोनात जातो. साध्या कमानीत थर दोन्ही पायथ्यांच्या भिंतींना समांतर असतात, म्हणून दाब एका भिंतीवरून सरळ समोरच्या भिंतीवर पोचतो. हीच रचना तिरप्या पुलात ठेवली, तर वरून पाहिल्यावर पुलाचा आकार समांतरभुज चौकोन असल्यामुळे लघुकोनाच्या कोपऱ्यातून निघालेला दाब समोर जातो खरा, पण तिथे भिंतच नसते. तेवढा त्रिकोणी भाग हवेत लोंबकळतो आणि ढासळतो. चॅपमनने थर भिंतींना समांतर न ठेवता कमानीच्या दर्शनी बाजूला काटकोनात वळवले. असं केलं की प्रत्येक थर कमानीवरून स्क्रूच्या आट्यासारखा फिरत चढतो. दाब मग रस्त्याच्या दिशेने जातो आणि दोन्हीकडे भिंतीला टेकतो. किंमत मोजावी लागते ती गवंड्याला: भिंतीच्या माथ्यावर करवतीच्या दात्यांसारखे दगड घडवावे लागतात, आणि दर्शनी बाजूच्या दगडांना एकीकडे इतकी धारदार कड येते की ती टवका उडून तुटते. म्हणून ती कड आधीच थोडी मारून बोथट करत. विटांत हे काम स्वस्तात होई, कारण वीट लहान असते आणि आट्याचा पीळ चुन्याच्या सांध्यात खपून जातो.

आजचा स्क्यू पूल काँक्रीटच्या सपाट स्लॅबचा किंवा गर्डरचा असतो, पण भार तितकाच हट्टी आहे. तो रस्त्याच्या दिशेने न जाता दोन आधारांमधला सगळ्यात जवळचा मार्ग धरतो, म्हणजे साधारण एका विशालकोनातून समोरच्या विशालकोनाकडे. परिणामी विशालकोनाच्या कोपऱ्यातल्या बेअरिंगवर (ज्या तुकड्यावर पूल आधाराला टेकतो त्यावर) हिशेबापेक्षा जास्त भार येतो आणि स्लॅबला तिथे तडे जातात, तर लघुकोनाचा कोपरा हलका होऊन कधी कधी चक्क वर उचलला जातो. गाडी गेली की तो कोपरा आपटतो, बेअरिंग झिजतं, वर रस्त्याचा सांधा उखडतो. वरवर बघणाऱ्याला हे डांबराचं काम खराब वाटतं. स्क्यू साधारण १५ ते २० अंशांपर्यंत असेल तर बहुतेक अभियंते पूल सरळ धरूनच हिशेब करतात. त्यापुढे मुख्य सळया रस्त्याला समांतर टाकून भागत नाही, त्या आधारांना काटकोनात घ्याव्या लागतात आणि विशालकोनात वरच्या बाजूला जादा लोखंड द्यावं लागतं. लांबीही वाढते: आधारांमधलं काटकोनातलं अंतर १० मीटर असेल तर ३० अंश स्क्यूला रस्त्याच्या दिशेने ते ११.५ मीटर होतं, ४५ ला १४.१, आणि ६० ला दुप्पट, म्हणजे २० मीटर.

आणि आता तोच घोळ. रेनहिलचा पूल ‘३४ अंशांचा’ हे जुन्या पद्धतीने, कारण तिथे रस्ता आणि रूळ यांच्यातला कोन धरलाय. या पद्धतीत सरळ पूल ९० अंशांचा. आजच्या डिझाइनमध्ये सहसा काटकोनापासून पूल किती ढळला ते मोजतात, म्हणजे सरळ पूल शून्य अंश आणि रेनहिलचा ५६. जुना नकाशा हातात घेऊन ‘स्क्यू ३४’ हा आकडा तसाच नव्या सॉफ्टवेअरमध्ये घातला, तर मध्यम तिरप्या पुलाचं डिझाइन तयार होईल आणि प्रत्यक्षात पूल भलताच तिरपा असेल. नकाशावर कोनाची खूण कोणत्या दोन रेषांमध्ये काढली आहे ते पाहिल्याशिवाय आकडा उचलू नये. उजवा स्क्यू की डावा हेही लिहावं लागतं, नाहीतर पूल आरशात पाहिल्यासारखा उलटा आखला जाईल.

गणितात हा शब्द दोन-तीन दारांनी शिरला. अवकाशातल्या ज्या रेषा समांतरही नाहीत आणि कधी छेदतही नाहीत त्या स्क्यू रेषा: उड्डाणपुलाची मधली रेषा आणि खालच्या आडव्या रस्त्याची मधली रेषा घ्या. ज्या मॅट्रिक्समध्ये (संख्यांच्या चौरस मांडणीत) कर्णाच्या एका बाजूची संख्या पलीकडे उलट्या चिन्हाने येते ती स्क्यू-सिमेट्रिक. तिच्या मुख्य कर्णावर सगळी शून्यंच असणार, कारण स्वतःच्याच ऋण संख्येइतकी असलेली संख्या एकच. गणितज्ञ आर्थर केलीने १८४६ मध्ये अशा मांडणीवरून निघणाऱ्या संख्यांवर, म्हणजे निश्चयकांवर, फ्रेंचमध्ये लेख लिहिला तेव्हा विशेषण वापरलं ‘गोश’. फ्रेंचमध्ये डावा तोही गोश आणि वेडावाकडा तोही.

पण आज बहुतेकांना हा शब्द भेटतो तो संख्याशास्त्रातून, आणि त्याचं श्रेय ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनला. एकोणिसाव्या शतकात असा समज पक्का होता की निसर्गातली कुठलीही मोजमापं पुरेशी घेतली की घंटेच्या आकाराचा, दोन्ही बाजूंनी सारखा वक्र येतोच. आला नाही तर मोजलेला माल सरमिसळ असणार. पिअर्सनने १८९५ च्या लांबलचक निबंधात दाखवलं की एकजिनसी मालातही वक्र एकीकडे ओढलेला असू शकतो. निबंधाच्या नावातच ‘स्क्यू व्हेरिएशन’ होतं. त्यातलं एक उदाहरण इतकं लहान आणि नेटकं आहे की आजही वर्गात घ्यावं. बटरकप या पिवळ्या रानफुलाच्या पाकळ्या डच वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीसने मोजल्या होत्या. फुलं २२२. त्यात ५ पाकळ्यांची १३३, ६ ची ५५, ७ ची २३, ८ ची ७, ९ ची २ आणि १० ची २. पाचापेक्षा कमी एकही नाही.

इथे घंटा नाहीच. डावीकडे कडा आणि उजवीकडे लांब उतार आहे. बहुलक (सर्वांत जास्त वेळा येणारी संख्या) ५, मध्यकही (क्रमाने लावल्यावर बरोबर मधली) ५. सगळ्या पाकळ्या मिळून १२५०, त्यांना २२२ ने भागलं की सरासरी ५.६३. उजवीकडच्या मोजक्या फुलांनी सरासरीला आपल्याकडे ओढलं आणि मध्यक जागचा हलला नाही. म्हणून याला उजवीकडे स्क्यू, किंवा धन स्क्यू म्हणतात. नाव शेपटाच्या, म्हणजे लांब उताराच्या, बाजूवरून पडतं, गर्दीच्या बाजूवरून नाही. सुरुवातीच्या मीटिंगमधला गोंधळ एवढाच: जाहिरातवाला गर्दी कुठे आहे ते सांगत होता आणि संख्याशास्त्राचा विद्यार्थी शेपूट कुठे गेलंय ते. सोप्या पेपरात बहुतेक मुलांना ८५ ते ९५ गुण पडले आणि दोन-चार जण विशीत अडकले, तर शेपूट डावीकडे, म्हणून तो ऋण स्क्यू. भले सगळी गर्दी उजवीकडे असो.

या झुकावाचा आकडा, म्हणजे स्क्यूनेस, काढायचा कसा? प्रत्येक मोजमापातून सरासरी वजा करा, उरलेल्या फरकाचा घन करा, सगळ्या घनांची सरासरी काढा आणि तिला प्रमाण विचलनाच्या (मोजमापं सरासरीभोवती किती पसरली आहेत त्या मापाच्या) घनाने भागा. घन का? वर्ग केला तर वजा चिन्ह नाहीसं होतं आणि बाजू कळत नाही. नुसते फरक मिळवले तर बेरीज शून्य येते. घन चिन्ह जपतो आणि लांबच्यांना जास्त वजन देतो. बटरकपचं प्रमाण विचलन ०.९५८ आहे आणि स्क्यूनेस येतो १.८७. एक्सेलमध्ये ‘स्क्यू’ फंक्शन वापरलंत तर उत्तर १.८८ दिसेल, कारण ते नमुन्यासाठी थोडी दुरुस्ती करतं. ‘स्क्यू डॉट पी’ दुरुस्ती न करता १.८७ देतं. दोन अहवालांत दुसऱ्या दशांशाला फरक दिसला की आधी हे तपासावं, मगच चूक शोधत बसावं. नमुना लहान असेल तर हा फरक बराच मोठा होतो.

लांबच्यांना जास्त वजन हीच या आकड्याची दुखरी नसही आहे. बटरकपमधल्या सगळ्या घनांची बेरीज ३६४.९ होते, आणि त्यातले १६६.८ एकट्या १० पाकळ्यांच्या दोन फुलांचे. २२२ पैकी २ फुलं जवळपास ४६ टक्के उत्तर ठरवतात! ती दोन वगळून पुन्हा हिशेब केला तर स्क्यूनेस १.८७ वरून १.५२ वर येतो. म्हणजे मोजणाऱ्याने आकड्यापुढे चुकून एक शून्य जास्त टाकलं, तर सरासरी थोडी हलेल पण स्क्यूनेस पार उधळेल. वीस-पंचवीस नोंदींवरून स्क्यूनेसबद्दल ठाम विधान करणं म्हणूनच धाडसाचं. आधी आलेख काढून डोळ्यांनी पाहावा. फार टोकाची मोजमापं असतील तर संख्याशास्त्रज्ञ आर्थर बाउलीचं माप बरं. त्यात फक्त चतुर्थकं (क्रमाने लावलेल्या मोजमापांचे चार सारखे भाग करणाऱ्या संख्या) लागतात: मध्यक खालच्या चतुर्थकाला जवळ आहे की वरच्या, एवढंच ते विचारतं, टोकाच्या फुलांकडे बघतही नाही.

पाठ्यपुस्तकातला एक नियमही इथे सैल करायला हवा. ‘धन स्क्यू असेल तर सरासरी मध्यकापेक्षा मोठी’ हे बहुतेकदा खरं, नेहमी नाही. समजा वीस घरं आहेत. ६ घरांत एकच प्रौढ, १२ घरांत दोन, एका घरात ४ आणि एकात ५. एकूण प्रौढ ३९, म्हणजे सरासरी १.९५ आणि मध्यक २. सरासरी मध्यकापेक्षा लहान आहे, तरी शेपूट उजवीकडेच आहे आणि घनांचा हिशेबही धनच येतो. मोजून येणाऱ्या लहान पूर्णांकांत (माणसं, मुलं, खोल्या) हे सर्रास घडतं. तेव्हा फक्त सरासरी आणि मध्यक बघून दिशा सांगू नये.

मराठीत आणखी एक खड्डा आहे. संख्याशास्त्राच्या मराठी पुस्तकांत स्क्यूनेसला ‘विषमता’ म्हणतात, आणि वर्तमानपत्रात विषमता म्हणजे गरीब-श्रीमंतांतली दरी. या दोन गोष्टी एक नाहीत. गावातल्या अर्ध्या लोकांना शून्य आणि अर्ध्यांना लाख रुपये मिळत असतील, तर दरी प्रचंड, पण वाटप दोन्ही बाजूंना अगदी सारखं, म्हणून स्क्यूनेस शून्य. मराठीत लिहिताना ‘वितरणाचा कल’ किंवा सरळ ‘स्क्यूनेस’ लिहावं असं आमचं मत.

बातम्यांतल्या ‘स्क्यूड’चा सूर तर तक्रारीचाच असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत या शब्दाला ‘विपर्यास करणे’ हा अर्थ जडला आणि तोच पत्रकारितेत रुळला: स्क्यूड सर्व्हे म्हणजे एकांगी. पण पगारांचं वितरण धन स्क्यू असतं ते कुणी आकडे फिरवले म्हणून नाही. खाली शून्याची भिंत आहे आणि वर छत नाही, म्हणून. नमुना चुकीचा निवडणं हा दोष, वितरण एकीकडे झुकलेलं असणं हा गुणधर्म. पहिल्यावर इलाज म्हणजे नमुना पुन्हा घेणं. दुसऱ्यावर इलाज लागतच नाही, फार तर सरासरीऐवजी मध्यक सांगावा, किंवा पुढच्या गणितासाठी आकड्यांचा लॉगॅरिदम घ्यावा. शून्य असलेल्या नोंदींचा लॉग निघत नाही, हे मात्र आधीच ध्यानात ठेवावं.

‘स्क्यूड सेक्स रेशो’ हा भारतीय वर्तमानपत्रांचा ठरलेला मथळा. इथे वितरण नाही, शेपूट नाही, फक्त दोन संख्यांचं गुणोत्तर आहे. तरी प्रश्न तोच: वाकडं कशापासून? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. वाचणारा सहज १००० शी तुलना करतो आणि १०६ मुली कमी असं म्हणतो. पण माणसात जन्मतःच मुलगे किंचित जास्त असतात, साधारण १०० मुलींमागे १०५. म्हणजे नैसर्गिक रेघ दर हजारी ९५० च्या आसपास आहे, आणि खरी तूट पन्नास-साठची. हा आकडाही भयंकरच आहे, पण तो वाढवून सांगितला की आकडा खोडणाऱ्याला आयतं कोलीत मिळतं.

संगणकवाल्यांचा स्क्यू त्या मानाने सरळ. चिपवर घड्याळाचा ठोका सगळ्या कोपऱ्यांत एकाच क्षणी पोचायला हवा. तारांची लांबी कमीजास्त असली की तो पुढेमागे पोचतो, तो क्लॉक स्क्यू. आणि मोठा डेटा अनेक मशिनांत वाटून काम करणाऱ्यांना छळतो तो डेटा स्क्यू. स्पार्क या त्यासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन तक्ते ग्राहक क्रमांकावर जोडताना काम मुळात २०० तुकड्यांत वाटलं जातं. एका क्रमांकाच्या नोंदी इतरांपेक्षा हजारो पट असतील, तर त्या सगळ्या एकाच तुकड्यात जातात. १९९ तुकडे चटकन आटपतात, पडद्यावर ९९ टक्के दिसतं आणि तिथेच सगळं अडकतं, किंवा त्या एका मशिनची मेमरी संपून काम कोसळतं. मशिनं वाढवून उपयोग शून्य, कारण तुकडा एकच आहे. बऱ्याचदा गुन्हेगार असतो रिकामा क्रमांक: ज्या नोंदींत ग्राहक क्रमांक भरलाच नाही त्या सगळ्या ‘नल’ म्हणून एकत्र येतात. अशा नोंदी जोडणीत जुळणारच नसतात, म्हणून आधी बाजूला काढाव्यात. खरोखरच मोठा ग्राहक असेल तर त्याच्या क्रमांकाला ० ते ९ असा कुठलाही एक अंक जोडून नोंदी दहा तुकड्यांत पसरवतात आणि दुसऱ्या तक्त्यातली त्याची नोंद प्रत्येक अंकासह एकदा, अशी दहा वेळा लिहितात. हे दुसरं पाऊल राहिलं तर काम झपाट्याने संपतं, एरर येत नाही, आणि त्या ग्राहकाच्या बहुतेक किंवा सगळ्याच नोंदी गुपचूप गायब होऊ शकतात. म्हणून जोडणीच्या आधीची आणि नंतरची बेरीज एकदा ताडून बघावीच.